पहिल्या वाचनाला सगळे

यवतमाळ

चि. सुमेध,


तुझं पत्र मिळालं. एकांकिका चांगली आहे, पोरं गुणी आहेत, तरी तालीम रंगत नाही. लेखक एक वाक्य सोडायला तयार नाही आणि लाइटवाला रुसून बसलाय, असं लिहितोस. मला यात गुणांची उणीव कुठे दिसत नाही. नाटक अजून सगळ्यांचं झालेलं नाही, एवढंच.

लाइटवाल्याच्या हाती संहिता कधी दिलीस? बहुतेक ठिकाणी त्याला प्रयोगाच्या आदल्या दिवशी बोलावतात आणि इथे निळा, इथे अंधार, असं सांगून मोकळे होतात. मग नट अर्धं पाऊल पुढे सरकतो, चेहरा काळोखात जातो आणि बोलणी मात्र लाइटवाला खातो. तोच पोरगा पहिल्या वाचनाला बसला असता तर नट कोणत्या शब्दापाशी थांबणार आणि तिथे उजेड किती सावकाश उतरवायचा, हे त्याचं त्यालाच उमगलं असतं. कदाचित त्या उजेडानंतर लेखकाचं ते वाक्य लागणारच नाही, हेही त्यानेच दाखवून दिलं असतं. भांडण तिथेच मिटलं असतं.

'घाशीराम कोतवाल' आठव. 16 डिसेंबर 1972 ला पुण्यात पहिला प्रयोग झाला. शब्द तेंडुलकरांचे, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्य कृष्णदेव मुळगुंदांचं. पण ओळीत उभी राहून गाणारी, झुलणारी, पडदा होणारी ती माणसांची भिंत नेमकी कोणाची, हे वेगळं काढून दाखवता येईल का? पुढे ते नाटक करणाऱ्या संस्थेनेच प्रयोग थांबवले तेव्हा ही मंडळी पांगली नाहीत. 1973 मध्ये त्यांनी थिएटर अ‍ॅकॅडमी उभी केली आणि नाटक पुन्हा रंगमंचावर आणलं. केवळ मैत्री एवढा ताण सोसत नाही. प्रत्येकाचा हात त्या कामात गुंतलेला होता.

आणि लांब कशाला जायचं? 'तेरवं' हे नाटक श्याम पेठकरांनी लिहिलं, हरीश इथापेंनी बसवलं, आणि त्यात उभ्या राहिल्या शेतकरी आत्महत्यांनंतर मागे उरलेल्या विदर्भातल्या बायका. आपल्या कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे त्यांच्यातल्याच. जानेवारी 2019 मध्ये इथे यवतमाळला 92वं साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन त्यांच्याच हातून झालं. अशा संघात दिग्दर्शकाला रंगमंच कळतो, पण सावकार दारात आल्यावर बाई कुठे बघते, हे त्या बाईलाच ठाऊक. तिथे दोघांनाही एकमेकांपुढे शिकाऊ व्हावं लागतं. तुझ्याकडून मला नेमकं हेच हवं आहे. शेवटचा शब्द दिग्दर्शकाचाच राहू दे, त्यात मी तडजोड सांगणार नाही. पण तो शब्द सगळ्यांचं ऐकून झाल्यावर यावा. आणि चूक काढशील तेव्हा प्रसंगाची काढ, माणसाची नको.

आता तुझा मुख्य नट. तो तालमीला येत नाही म्हणून त्याला बदलायचं तुझ्या मनात आहे. अरे, दिवस वेचणीचे आहेत. मजूर मिळत नाहीत, घरचा कापूस बोंडातच राहिला तर त्याच्या बापाने काय करायचं? तालमीची वेळ नेहमी ज्याची अडचण सगळ्यांत मोठी, त्याच्या सोयीने ठरवावी. रात्री नऊला ठेव, आणि बाहेरगावच्या पोरांची एसटी त्या वेळी सुटलेली असते, तेव्हा त्यांच्या मुक्कामाची सोय आधी लाव. वर्गणीची वहीही सगळ्यांसमोर उघडी ठेव; पैशाची कुजबुज सुरू झाली की चांगला प्रसंगसुद्धा बसत नाही.

या रविवारी नव्याने वाचन ठेव. रंगभूषा करणारी मुलगी, पेटी वाजवणारा, सामान उचलणारे, सगळे येऊ देत. लाइटवाल्याला निरोप पाठवू नकोस, स्वतः त्याच्या घरी जा. संहितेची एक प्रत माझ्यासाठी काढून ठेव, मी तुझ्याकडे दारव्ह्याला दुपारपर्यंत पोचतो.

तुझा,
मामा