हर्नियाची शस्त्रक्रिया : रोबोट, दुर्बीण की साधा चिरा?



भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत भाताची लावणी, पेंढ्याचे भारे, धान्याची पोती ही सारी कामे अंगमेहनतीची आहेत. अशा कष्टकऱ्याच्या जांघेत किंवा बेंबीपाशी फुगवटा आला, खोकताना तो वाढला आणि आडवे पडताच आत गेला, तर तो बहुधा हर्निया, म्हणजे अंतर्गळ असतो. जांघेतला आजार म्हणून लाजेपोटी तो लपवला जातो. ऑपरेशनचा विषय निघालाच, तर हल्ली 'रोबोटने करायचे का?' असाही प्रश्न समोर येतो. मग खर्चाचा आकडा ऐकून कोणी कर्ज काढू पाहतो, तर कोणी ऑपरेशनच टाळतो. या दोन्ही गोष्टी घडू नयेत, हा आमच्या लेखाचा हेतू आहे.

आजार आणि उपाय

पोटाच्या भिंतीचा एखादा भाग कमकुवत झाला की तेथून चरबी किंवा आतडे बाहेर डोकावते. लेप, औषध वा पट्टा यांनी ती फट बुजत नाही. पुरुषाला त्रास नसेल तर जांघेतला हर्निया डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही काळ तसाच ठेवता येतो. स्त्रियांनी मात्र विलंब करू नये.

शस्त्रक्रियेचे मार्ग तीन आहेत. पहिला, चिरा देऊन जाळी बसवणे. जांघेतल्या हर्नियासाठी हे काम नुसता तो भाग किंवा कमरेखालचे अंग बधिर करूनही होते. दुसरा, लहान छिद्रांतून दुर्बिणीने जाळी बसवणे. तिसरा, रोबोटचा. रोबोट स्वतः ऑपरेशन करत नाही. सर्जन जवळच्या आसनावर बसून हात हलवतात आणि यंत्राचे हात त्याप्रमाणे आत काम करतात. दुर्बीण व रोबोट यांसाठी सहसा पूर्ण भूल लागते.

अभ्यास काय सांगतात?

२०२० साली अमेरिकेतील सहा केंद्रांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जांघेतल्या हर्नियाच्या १०२ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली होती. दुर्बिणीच्या ऑपरेशनला सुमारे ४० मिनिटे लागली, रोबोटच्या ७५. खर्च अनुक्रमे १,४२१ व ३,२५८ डॉलर आला. तीस दिवसांनंतर वेदना व गुंतागुंत यांत रोबोटचा लाभ दिसला नाही. त्याच वर्षी पोटावरच्या हर्नियाच्या १२४ रुग्णांचा टेक्सासमधील अभ्यास आला. त्यातही रुग्णालयातील मुक्काम सारखाच राहिला. वेळ मात्र ७७ ऐवजी १४१ मिनिटे लागला आणि खर्चही वाढला.

अमेरिकेचे आकडे पुण्याला जसेच्या तसे लागू नाहीत. पण खर्च वाढण्याची कारणे इथेही तीच आहेत : यंत्राची किंमत, त्याची देखभाल, ठरावीक वेळा वापरून टाकून द्यावी लागणारी अवजारे आणि ऑपरेशनगृहातला जादा वेळ.

रोबोट निरुपयोगी आहे, असे आमचे म्हणणे नाही. जुन्या ऑपरेशनच्या जागी आलेला मोठा हर्निया एरवी लांब चिरा देऊन दुरुस्त करावा लागतो. तेथे रोबोटमुळे मुक्काम तीनवरून दोन दिवसांवर आल्याचे २०१८ च्या एका अभ्यासात दिसले. मात्र त्यात गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, म्हणून त्याचे वजन कमी धरावे.

आपल्या महाराष्ट्राचे धडे

धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून हर्नियासाठी वापरले. त्यांनी व सहकाऱ्यांनी २००३ साली हे अनुभव प्रसिद्ध केले. पुढे युगांडातील ३०२ पुरुषांवर अशाच स्वस्त जाळीची रीतसर चाचणी झाली. ती २०१६ साली प्रसिद्ध झाली. स्वस्त जाळीची किंमत सुमारे १ डॉलर होती, कंपनीच्या जाळीची सुमारे १२५. एका वर्षानंतर स्वस्त जाळीच्या गटात एकाच रुग्णाला पुन्हा हर्निया झाला, दुसऱ्या गटात कोणालाच नाही. हा फरक नगण्य ठरला.

पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी तर जाळीशिवाय, रुग्णाच्याच स्नायूच्या आवरणाची पट्टी वापरून दुरुस्तीची पद्धत २००१ साली मांडली. पोलंडमध्ये २०८ रुग्णांवर तिची जाळीशी तुलना झाली. तीन वर्षांत दोन्ही गटांत दोन-दोन रुग्णांनाच पुन्हा हर्निया झाला.

तात्पर्य, चांगले ऑपरेशन महागच असते असे नाही. सर्जनचा हात सरावाचा असणे अधिक मोलाचे.

आपण काय करावे?

प्रथम तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात तपासून घ्यावे. तेथे सोय नसेल तर पुण्याच्या ससून रुग्णालयाचा मार्ग खुला आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपले ऑपरेशन बसते का, हे योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारावे. डॉक्टरांना चार प्रश्न नि:संकोच विचारावेत : माझा हर्निया कोणत्या प्रकारचा? तुमचा सराव कोणत्या पद्धतीचा? रोबोटने माझ्या बाबतीत नेमका कोणता फायदा? एकूण खर्च किती?

एक धोका मात्र सर्वांनी ध्यानात ठेवावा. फुगवटा आत जाईना, कडक होऊन दुखू लागला, उलट्या झाल्या, शौच व वायू बंद झाला, तर आतडे अडकलेले असू शकते. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. रात्र असो वा धो-धो पाऊस, थेट ऑपरेशनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. वेल्ह्याच्या आतल्या वाडीतून पुण्याला पोहोचण्यात तास जातात आणि उशीर झाला तर आतड्याचा तुकडाही काढावा लागतो.

नवे आहे म्हणून स्वीकारू नये, जुने आहे म्हणून टाकू नये, तपासून मगच निर्णय घ्यावा. शिकलेल्या मुलामुलींनी ही माहिती घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावी, एवढीच आमची विनंती.