रिकाम्या पानाचं गाणं

चि. सोनू,

लहानपणीच्या तुझ्या लाडक्या जादूच्या पुस्तकावर तू रचलेली सहाही गाणी ऐकली. गळा तयार झालाय, चालीही गोड आहेत. पण प्रत्येक गाणं पुस्तकातली गोष्टच पुन्हा सांगतं. तुला हे कसं लिहावं, या विचारात असतानाच ‘स्पेल साँग्ज’ हा २०१९ सालचा ब्रिटिश लोकसंगीताचा अल्बम हाती लागला. पाच दिवस दुसरं काही लावलेलं नाही.

त्याच्या मुळाशी ‘द लॉस्ट वर्ड्स’ हे २०१७ चं मुलांचं पुस्तक आहे. मुलांसाठीच्या ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या २००७ च्या आवृत्तीतून खंड्या, पाणमांजर, ओकचं फळ असे शब्द गळाले आणि ब्रॉडबँड, ब्लॉग आत आले. रॉबर्ट मॅकफार्लेननं त्या हरवलेल्यांना परत बोलावणारे मंत्र रचले, मोठ्यानं म्हणायचे. ओळींची पहिली अक्षरं उभी वाचली की त्या जिवाचं नाव तयार. चित्रं जॅकी मॉरिसची. मंत्राच्या आधीच्या पानावर तो जीव नसतो, त्याची मोकळी जागा तेवढी असते. मला तर ही पानंच सगळ्यात आवडतात.

मग या पुस्तकावर अल्बम करायला आठ गाणारे-वाजवणारे एकत्र आले. जूली फाउलिस स्कॉटलंडच्या बेटावरची, गेलिक गाणारी. सेकू केइता सेनेगलचा. त्याचा कोरा म्हणजे अर्ध्या भोपळ्यावर कातडं ताणून केलेलं तंतुवाद्य. पुस्तक ब्रिटनच्या रानाचं, मग तिथे कोरा कशाला, असं कुणी म्हटलं नाही. आणि त्यांच्या गाण्यांत बर्फातला ससा येतो, घुबड येतं, किनाऱ्यावर कातडं उतरवून माणूस होणारा, स्कॉटिश लोककथांमधला सीलही येतो. यातल्या एकाचाही मंत्र त्या पुस्तकात नव्हता! पण बोलावण्याची रीत पुस्तकाचीच आहे. पुस्तकाशी इमान राखणं मी याला म्हणते.

तूही तसंच कर, बाळ. पुस्तक मिटून ठेव. त्यातलं काय तुझ्या अंगात मुरलंय ते बघ. आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या तुला येतात. त्यांची लय तुझ्या गाण्यात का नाही? पुस्तकातल्या राजवाड्याचं वर्णन गाळ. तिसऱ्या गाण्यात गोष्टीतली मुलगी नाहीशी होते, तिथे तू चार ओळी घालून ती कुठे गेली ते सांगून टाकलंयस. त्या चारही काढ. नुसता तंबोरा चालू दे, अगदी लांबलं असं वाटेपर्यंत, आणि मग तिचं नाव घे.

दिवाळीला येशील तेव्हा तेवढंच गाऊन दाखव.

तुझी,
मावशी