बोअर सांगितले? आधी कंडेन्सर बघा

पुण्यात घेतलेली जुनी येझदी मोटरसायकल साताऱ्याला नेत होतो. खंबाटकीच्या निम्म्या चढावर तिने मिसिंग सुरू केले, सायलेन्सरमधून फटाके फोडले आणि बंद पडली. सावलीत गार होऊ दिली, तर एका किकला चालू! घाट उतरल्यावर पुन्हा तेच. साताऱ्यातल्या पहिल्याच गॅरेजात गाडीला हातही न लावता निदान झाले: "बोअर गेलंय. पिस्टन-रिंगा बदलून टाका."

जुन्या टू-स्ट्रोकला हा सल्ला हटकून मिळतो, आणि तोच सर्वांत महागात पडतो. येझदीचा म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद झाला. मूळ पिस्टन आता शोधावा लागतो. बाजारातला हलका पिस्टन बसवायला चांगला सिलिंडर कापला, की स्लीव्ह घातल्याशिवाय तो मूळ मापावर येत नाही.

गाडी गरम होऊन बंद पडली की तिथेच, लगेच प्लग काढा. गार झाल्यावर रोग दिसत नाही. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही: कॉक, जेट आणि टाकीचे झाकण बघा. झाकणाचे हवेचे छिद्र बुजले असेल तर ते उघडताच फुस्स आवाज येतो आणि गाडी पुन्हा चालू होते. जेट हवेने साफ करा, तार घालू नका. प्लग ओला असेल तर संशय ठिणगीवर.

माझा प्लग ओला होता. टोपीत घालून हेडला टेकवला, किक मारली. ठिणगी फिकट, तांबूस, तीही मधूनच. उजव्या बाजूचे कव्हर काढले तर पॉइंट काळे पडलेले, आणि किक मारताना प्लगपेक्षा मोठी ठिणगी तिथेच उडत होती. कंडेन्सर गरम झाल्यावर दगा देतो तो असा. नवा कंडेन्सर घातला, पॉइंट घासून फिलर गेजने 0.4 मिलिमीटरचे अंतर ठेवले. बंद पडणे थांबले.

आधीपासून येणारा पांढरा धूर मात्र राहिला. त्यावरही 'बोअर'च सांगण्यात आले होते. पण गिअर ऑइल तपासले तर पातळी बरीच खाली, आणि खाली जमिनीवर थेंब नाही. मग ते जाते कुठे? क्लचकडचे क्रँकचे सील कडक झाले, की इंजिन गिअर ऑइल ओढून जाळते. डायनॅमोच्या बाजूचे सील गेले तर उलट हवा शिरते, मिश्रण पातळ होते आणि थ्रॉटल सोडला तरी इंजिन रेस होत राहते. तशी गाडी दामटू नका, पिस्टन सीझ होतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला. प्लग, कॉइल, कार्बोरेटर एकदम बदलणाऱ्याला गाडी सुरू झाली तरी रोग कळत नाही, आणि चांगले जुने भाग गॅरेजात राहून जातात. जुने भाग मागून घ्या.

गाडी अजून घ्यायची असेल, तर विकणाऱ्याने ती आधीच तापवून ठेवलेली नाही ना, हे सिलिंडरला हात लावून बघा. मग चढ असलेल्या रस्त्यावर चांगली तापेपर्यंत चालवा. आणि बोअर सांगणाऱ्या मिस्त्रीला आधी कॉम्प्रेशन गेज लावून आकडा दाखवायला सांगा. गेज नसेल, तर इंजिन उघडू देऊ नका.