रोबोट लावला, आता नग किती निघणार?

सांडोरहून रेल्वे ओलांडून वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या गाळ्यांत जाणाऱ्या सुपरवायझरांसाठी, आणि गाळेमालकांसाठीही. मशीनला रोबोट लावणं नवं नाही. पहिला औद्योगिक रोबोट युनिमेट १९६१ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सकडे लागला तो डाय-कास्टिंग मशीनमधून तापलेले जॉब उचलायला. चाकणला बजाज ऑटोने २०१० पासून कोबॉट, म्हणजे माणसांशेजारी काम करणारे रोबोट, आणले. हिशेब मात्र अजूनही अंदाजपंचे होतो. खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत.

काय करावे

- दार उघडल्यापासून पुन्हा दार उघडेपर्यंतचा वेळ मोजा. स्क्रीनवरचे ९० सेकंद फक्त कटिंगचे असतात. दार उघडणं, चक सुटणं, तयार जॉब काढणं, चकात हवा मारणं, कच्चा जॉब लावणं, चक आवळणं, दार लागणं यात १८ सेकंद गेले, तर सायकल १०८ सेकंदांची. आठ तासांत ३२० नव्हे, २६६ नग.

- ग्रिपर दोन पंजांचा घ्या. एकाने तयार जॉब काढायचा, दुसऱ्याने लगेच कच्चा लावायचा. एकच पंजा असेल तर ट्रेपर्यंतची फेरी होईस्तोवर मशीन दार उघडं ठेवून उभं.

- रोबोटचा वेळ वेगळा मांडा. मशीनपाशी १८, ट्रे आणि गेजिंगपाशी १०, म्हणजे जॉबमागे २८ सेकंद. तीन सारख्या मशिनांना ८४ लागतात, सायकल १०८ची, निभतं. चौथं जोडलं की ११२. आता मशीन रोबोटची वाट बघणार: कागदावर तासाला १३३ नग, हातात १२८. तरी चौथं मशीन परवडेल, पण पाचवं लावून एकही नग वाढणार नाही.

- ट्रेची क्षमता मिनिटांत काढा. एका मशीनला २० जॉबचा ट्रे ३६ मिनिटं पुरतो. अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी निघते. त्यावर गप्पा रंगल्या तर रोबोटही बसून राहतो.

काय टाळावे

- २६६ वर कोटेशन देऊ नका. मशीन प्रत्यक्षात ८५ टक्के वेळ चाललं आणि ९८ टक्के माल पास झाला, तर हाती २२२ उरतात. पार्टीला तोच आकडा सांगा.

- एकच नुकसान दोनदा वजा करू नका. दर १५० जॉबमागे इन्सर्ट बदलायला ५ मिनिटं, म्हणजे जॉबमागे २ सेकंद. हे सायकलमध्ये धरा किंवा त्या ८५ टक्क्यांत, दोन्हीकडे नको.

- उत्पादन मशीनमुळे अडत असताना रोबोटचा वेग वाढवण्यात दिवस घालवू नका. ट्रेकडची फेरी दोन सेकंदांनी कमी झाली तरी तेव्हा कटिंग चालूच असतं. दार उघडं असतानाचा सेकंद वाचला, तरच तो कामाचा.

- कोबॉटला कॅटलॉगमधला वेग धरू नका. कुंपण नसेल तर माणसांच्या सुरक्षेसाठी तो आवरता ठेवावाच लागतो.

- वेगवेगळ्या वेळांच्या दोन मशिनांची सरासरी काढू नका. ६० आणि ९० सेकंदांची मशिनं अधूनमधून एकदमच दार उघडणार. तेव्हा एकाला थांबावंच लागतं. तासभर उभं राहून मोजा.

- रात्रपाळीचे नग सकाळी नुसते मोजून रजिस्टरात चढवू नका. गेजिंग दर २५ जॉबला असेल आणि इन्सर्टची कड मध्येच तुटली, तर मागचे २४ पर्यंत जॉब संशयित. ते तपासून झाल्यावरच आकडा लिहा.