खाडीतील होडीचे इंजिन का तापते ?

ठाकुर्ली म्हटले की जुन्या लोकांना तेथील रेल्वेचे वीजघर आठवते. मुंबई-पुणे मार्गाच्या विद्युतीकरणाच्या काळात, १९२९ साली सुरू झालेले हे कोळशावरचे केंद्र आता बंद झाले आहे. मात्र त्यामागील एक तत्त्व आजही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कोणतेही उष्णतायंत्र इंधनातील सर्व उष्णता कामी लावू शकत नाही. उरलेली उष्णता वाहून नेण्यास थंड पाण्याचा अखंड प्रवाह लागतो. महाकाय वीजघराला जो नियम लागू, तोच जवळच्या उल्हास खाडीत शिरणाऱ्या लहानशा होडीलाही लागू आहे.

शेजारच्या कल्याणला छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५७ नंतर जहाजबांधणीस प्रारंभ केला. त्या काळी वारा पडला की वल्ह्यांचा आधार असे. आज शिडाच्या होडीवरही साहाय्यक डिझेल इंजिन बसविलेले असते. अरुंद खाडीत, ओहोटीच्या ओढीत आणि पुलाच्या खांबांजवळ हे इंजिन बंद पडले, तर प्रश्न दुरुस्तीचा न राहता जीविताचा होतो.

पाण्याचा मार्ग

होडीच्या तळाशी असलेल्या कॉकमधून खाडीचे पाणी आत येते. ते गाळणीतून रबरी पंख्याच्या पंपाकडे जाते, इंजिनातील उष्णता घेते आणि बहुधा धुराच्या नळीवाटे बाहेर पडते. काही इंजिनांत गोडे पाणी आतल्या आत फिरते व खाडीचे पाणी त्याला थंड करते. दोष शोधताना याच मार्गाने, बाहेरून आत, क्रमाने जावे.

तपासणीचा क्रम

इंजिन सुरू होताच धुराच्या नळीतून पाणी पडते की नाही, हे प्रथम पाहावे. पाणी कमी आणि पांढरी वाफ अधिक दिसल्यास इंजिन त्वरित बंद करावे. नंतर कॉक पूर्ण उघडा आहे काय आणि गाळणीत शेवाळ, चिखल वा प्लास्टिक अडकले आहे काय, ते पाहावे. गाळणी उघडण्यापूर्वी कॉक बंद करण्यास विसरू नये.

गाळणी स्वच्छ असल्यास पंप तपासावा. पाण्याविना काही मिनिटे चालला तरी त्यातील रबरी पंखा जळतो. त्याची पाती तुटली असल्यास तुकडे शोधून काढावेत; अन्यथा ते पुढे नळीत अडकतात. पंपाचा पट्टा सैल नसावा. यानंतर थर्मोस्टॅट आणि क्षार साचलेल्या नळ्या यांचा विचार करावा. पाणी नीट पडत असूनही इंजिन तापत असेल व धूर काळा असेल, तर होडीच्या पंख्याला जाळे वा दोर गुंतल्याची शक्यता असते.

शिडाच्या होडीबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वाऱ्याने होडी एका अंगावर कलली की पाणी घेण्याचे तोंड पाण्याबाहेर येऊन पंप हवा ओढतो. अशा वेळी शीड कमी करून होडी सरळ करणे हाच उपाय होय.

हे टाळावे

तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडू नये; दाबाखालील उकळते पाणी अंगावर उडते. त्यात एकदम थंड पाणी ओतू नये, कारण धातूला तडा जाऊ शकतो. सुरू न होणारे इंजिन वारंवार फिरवू नये. पंपाने ओढलेले पाणी धुराच्या नळीत साचून इंजिनात शिरते. इंजिन थांबले की प्रथम शीड उभारावे किंवा नांगर टाकावा आणि मगच हत्यारांना हात घालावा.

गावाचा वाटा

गाळणीत सापडणारी पिशवी बहुधा खाडीत जन्मलेली नसते. ती नाल्यातून आलेली असते. राज्याने २०१८ साली प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली. तिची अंमलबजावणी काठच्या गावांनी केली, नाल्यांच्या मुखाशी जाळ्या बसविल्या आणि शाळांतून मुलांना एखादी गाळणी उघडून दाखविली, तर कित्येक इंजिने बंद पडण्यापूर्वीच वाचतील. तांडेलाने गाळणी रोज साफ करावी. गावाने ती भरू नये.