अजगर व घोणस

सातपुड्याच्या पायथ्याशीं राहणाऱ्या आपल्या नंदुरबार जिल्ह्यांत अजगराचें नांव ठाऊक नाहीं असें घर विरळाच. परंतु नांव ठाऊक असणें निराळें व खरी ओळख असणें निराळें. ती ओळख आम्ही येथें थोडक्यांत करून देत आहों.

अजगर हा बिनविषारी सर्प होय. तो सामान्यतः ८ ते १० फूट लांब असतो. क्वचित् याहून पुष्कळ मोठाही होतो. त्याच्या ओठांवर बारीक खळगे असतात. त्यांच्या योगें काळोखांतही भक्ष्याच्या अंगाची ऊब त्याला कळते. भक्ष्य टप्प्यांत येतांच तो तें दांतांनीं पकडून वेटोळ्यांनीं आवळतो. अशा वेळीं भक्ष्य गुदमरून मरतें असें पूर्वीं मानीत. परंतु याच रीतीनें आवळणाऱ्या बोआ नामक सर्पावरील जे प्रयोग इ. स. २०१५ मध्यें प्रसिद्ध झाले, त्यांवरून त्या दाबानें रक्ताभिसरणच कांहीं सेकंदांत खुंटूं लागतें असें दिसून आलें.

आळशी मनुष्यास आपण अजगर म्हणतों, तें त्या प्राण्यावर अन्यायाचेंच आहे. दबा धरून बसणें हीच त्याची शिकारीची रीत. आणि एकदां पोटभर खाल्लें कीं त्याला कित्येक आठवडे अन्न लागत नाहीं. मादी तर अंड्यांभोंवतीं वेटोळें घालून सुमारें दोन महिने बसते व गारठा पडल्यास अंग थरथरवून त्यांना ऊब देते.

आतां महत्त्वाची गोष्ट. अजगराचें पिल्लूं व विषारी घोणस यांत पुष्कळांची गफलत होते. घोणशीच्या पाठीवर साखळीच्या कड्यांसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी असतात, खवले खरखरीत असतात, व डिवचल्यास ती मोठ्यानें फूत्कारते. अजगराचे डाग वेडेवांकडे व अंग गुळगुळीत असतें. या गफलतीनें दुहेरी अनर्थ होतो: घोणस समजून निरुपद्रवी अजगर मारला जातो, आणि अजगर समजून घोणशीस हात लावणारा प्राणास मुकतो.

म्हणून मुलांनो, ओळख पटविण्यासाठीं देखील जवळ जाऊं नका. दूर राहून वडील माणसांस सांगा. पालकांनीं वनखात्यास कळवावें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें अजगर मारणें हा गुन्हा आहे. दंश झाल्यास जखम कापूं नये, चोखूं नये, घट्ट बांधूं नये. तो अवयव हालूं न देतां रोग्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. घोणशीच्या विषावर प्रतिविषाची लस हाच उपाय आहे, व मंत्रतंत्रांत घालविलेली प्रत्येक घटका रोग्याच्या आयुष्यांतून वजा होते.