‘बाहेरचं लागलंय’ म्हणून थांबू नका

प्रश्न : आमच्या युवक मंडळातला 19 वर्षांचा मुलगा काही महिन्यांपासून खोलीतच असतो, एकटाच बोलतो. घरचे ‘बाहेरचं लागलंय’ म्हणतात. मंडळ काय करू शकतं?
– एक वाचक, चोरखमारा (जि. गोंदिया)

उत्तर : पुष्कळ करू शकतं. सायकोसिसची, म्हणजे वास्तवाचं भान सुटणाऱ्या मानसिक आजाराची, सुरुवात बहुधा याच वयात होते. झोप उडते, आंघोळ सुटते, संशय बळावतो, कुणी नसताना आवाज ऐकू येतात. गांजाने हे आणखी चिघळतं. उपचारांविना जितका काळ जाईल, तितकं सावरणं अवघड.

निदान डॉक्टर करतील. तुम्ही त्याला एकटं पडू देऊ नका. ज्या मित्राचं तो ऐकतो, त्याने शेजारी बसून ‘झोप लागते का रे?’ एवढंच विचारावं. आवाज खरे की खोटे, हा वाद नको. घरच्यांशी आशाताईंना बोलू द्या. पूजाअर्चा घरच्यांनी खुशाल करावी, पण याच आठवड्यात त्याला गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

गावच्या माणसांच्या साथीने फरक पडतो. गोवा, सातारा आणि तमिळनाडूत प्रशिक्षित गावकार्यकर्त्यांनी स्किझोफ्रेनियाच्या (सायकोसिसचाच एक प्रकार) रुग्णांना घरी जाऊन साथ दिली. नुसत्या दवाखान्यापेक्षा डॉक्टर आणि कार्यकर्ते मिळून गुण अधिक आला, असं 2014 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत, चोवीस तास आहे. मुलगा मरणाची भाषा बोलला, तर त्याच रात्री रुग्णालय गाठा.